कावीळ, मूत्रपिंड आणि मॅनिटॉलची बाटली

साठीच्या आसपासचा माणूस. तीन आठवड्यांपासून डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढुरकी, अंगाला रात्रभर खाज. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली, स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी गाठ. काविळीचं पिवळं रंगद्रव्य, बिलिरुबिन, १८, म्हणजे खूप वाढलेलं; मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ०.९, म्हणजे दिसायला नॉर्मल. वजन ६० किलो, महिन्याभरापूर्वी ते ६७ होतं. शस्त्रक्रिया ठरलेली आहे. हा कुणी खराखुरा एक रुग्ण नाही, अशा रुग्णांचा नमुना म्हणून रचला आहे. पुढची सगळी चर्चा त्याच्या ऑर्डर शीटवरच्या एकाच ओळीची: भूल देण्याआधी २० टक्के मॅनिटॉल, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, १०० मिलि, शिरेतून.

ही ओळ कित्येक दशकं सर्जरीच्या वॉर्डात लिहिली गेली. शिकाऊ डॉक्टरांनी वरिष्ठांची पाहून लिहिली, त्यांची पाहून पुढच्यांनी. कावीळ झालेल्या रुग्णाचं पोट उघडायचं असेल तर मूत्रपिंडं ‘धुतलेली’ ठेवायची, असा त्यामागचा समज. तो हवेतून आलेला नव्हता. त्याला प्रयोगांचा आधार होता, आणि म्हणूनच हे प्रकरण बघण्यासारखं आहे. निव्वळ अंधश्रद्धा मोडणं सोपं असतं. अर्धा पुरावा पाठीशी असलेली सवय मोडायला फार वेळ लागतो.

भीती खरी होती

पित्ताचा मार्ग अडल्यामुळे झालेल्या काविळीत शस्त्रक्रिया नीट पार पडते, टाके कोरडे असतात, आणि दोन-चार दिवसांत लघवी कमी होत होत बंद पडते, हे सर्जनांना फार पूर्वीच दिसलं होतं. पाउल क्लेअरमाँ आणि हान्स फॉन हाबरर या ऑस्ट्रियन सर्जनांनी १९११ साली पित्तखड्यांच्या शस्त्रक्रियेनंतर लघवी बंद पडलेल्या रुग्णांवर लिहिलं. १९३२ मध्ये अमेरिकेत हेल्विग आणि शुट्झ यांनी त्याला ‘यकृत-मूत्रपिंड सिंड्रोम’ असं नाव दिलं. नाव मिळाल्याने कारण कळल्यासारखं वाटलं, पण कारण कळलेलं नव्हतंच. पुढे हेच नाव सिरॉसिसमधल्या, म्हणजे यकृत कडक होण्याच्या आजारातल्या, वेगळ्याच बिघाडाला चिकटलं आणि गोंधळ आणखी वाढला.

पुढच्या काळातल्या आढाव्यांमध्ये अशा शस्त्रक्रियांनंतर मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण साधारण ८ ते १० टक्के सांगितलेलं आढळतं, आणि ज्यांना ते व्हायचं त्यांतले बहुतेक दगावायचे. डायलिसिस मोजक्या ठिकाणी मिळत होतं, तेव्हा तर हा निकालच असायचा. अशा वेळी सर्जनने कुठल्याही आशादायक बाटलीकडे हात केला, तर त्याला नावं ठेवता येत नाहीत.

ती बाटली पुढे आणली जे. एल. डॉसन या ब्रिटिश सर्जनने. १९६४ साली त्याचं उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. पित्तनलिका बांधलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा काही काळ तोडला तर मूत्रपिंडाला होणारी इजा साध्या उंदरांपेक्षा जास्त असते, आणि मॅनिटॉल दिलं तर ती कमी होते. १९६५ मध्ये त्याने रुग्णांचे आकडे मांडले. शस्त्रक्रियेनंतर क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीचा वेग, घसरतो, कावीळ जितकी गडद तितकी घसरण मोठी, आणि मॅनिटॉलने ती घसरण रोखता येते, असा त्याचा सूर होता.

यातला मधला भाग, म्हणजे कावीळ जितकी खोल तितका मूत्रपिंडाला धोका, हा टिकून राहिला. शेवटचा भाग मात्र टिकला नाही.

मॅनिटॉल करतं काय

मॅनिटॉल ही साखरेच्याच कुळातली, पण शरीराला न वापरता येणारी वस्तू. मूत्रपिंडाच्या गाळणीतून ती सहज गाळली जाते आणि पुढच्या नळ्यांमधून परत शोषली जात नाही. या गुणामुळेच होमर स्मिथने १९४०च्या सुमारास गाळणीचा वेग मोजायला तिचा उपयोग केला होता. नळीत अडकून राहिलेलं मॅनिटॉल आपल्याबरोबर पाणीही धरून ठेवतं, आणि ते सगळं लघवीवाटे बाहेर पडतं. लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या दुसऱ्या औषधाचं काम वेगळं आहे. ते नळीच्या पेशींवर जाऊन मिठाचं शोषण रोखतं. मॅनिटॉल पेशीला काही सांगत नाही, ते फक्त पाणी ओढतं.

साठच्या दशकात असं मानलं जाई की पित्ताची रंगद्रव्यं मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचून त्या तुंबवतात. मग प्रवाह जोरात ठेवला की तुंबणार नाही, हा तर्क सरळ होता. त्यात पूर्ण खोटं काही नाही. गडद काविळीत नळ्यांमध्ये पित्ताचे साचे खरोखर सापडतात. पण बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा तिथून होत नाही.

आता आपल्या रुग्णाकडे. १०० मिलि २० टक्के मॅनिटॉल म्हणजे २० ग्रॅम. या द्रावणाची तीव्रता लिटरला सुमारे ११०० मिलिऑस्मोल, रक्ताची २९०च्या आसपास. २० ग्रॅम म्हणजे ११० मिलिऑस्मोल. ते बाहेर टाकताना लघवी रक्ताइतक्याच तीव्रतेची धरली, तर निदान साडेतीनशे मिलि लघवी होणारच. ६० किलोच्या माणसाकडून आपण तासाला ३० मिलि लघवीची अपेक्षा ठेवतो. म्हणजे एका बाटलीने दहा-बारा तासांची ‘चांगली’ लघवी यूरोबॅगमध्ये जमा होते. माणूस आतून सुकलेला असला तरी होते. रक्तदाब पडत चाललेला असला तरी, काही काळ का होईना, होते.

या साडेतीनशे मिलिंमुळेच इतकी वर्षं फसगत झाली, असं माझं मत आहे. सकाळच्या राउंडला पिशवी भरलेली दिसली की सगळ्यांना हायसं वाटतं, नातेवाईकांनाही. लघवीचं प्रमाण हे शरीरात पाणी आणि रक्तदाब पुरेसा आहे की नाही हे सांगणारं वॉर्डातलं सगळ्यात स्वस्त मोजमाप. लघवी वाढवणारं औषध देऊन तेच मोजमाप निरुपयोगी करायचं, म्हणजे गाडीच्या पेट्रोलचा काटा हाताने वर ढकलून टाकी भरल्याचं समाधान मानायचं. पुढचे काही तास लघवीवरून काहीच ठरवता येत नाही, आणि नेमके तेच तास सगळ्यात धोक्याचे असतात.

क्रिएटिनिनच्या त्या ०.९ बद्दलही बोललं पाहिजे. सात किलो वजन उतरलेल्या माणसाचे स्नायू झडलेले असतात, आणि क्रिएटिनिन स्नायूंतूनच येतं. शिवाय जाफे पद्धतीत, म्हणजे पिक्रिक आम्लाशी होणाऱ्या रंगबदलावरून क्रिएटिनिन मोजण्याच्या पद्धतीत, बिलिरुबिन अडथळा आणतं आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. म्हणजे १८ बिलिरुबिन असलेल्या माणसाच्या ‘नॉर्मल’ क्रिएटिनिनवर भरवसा ठेवायचा तो दोन्ही बाजूंनी लंगडा. एन्झाइम पद्धतीत हा दोष बराच कमी असतो. प्रयोगशाळेला फोन करून कुठली पद्धत वापरता एवढं विचारायला एक मिनिट लागतं.

सुकलेला माणूस

पित्त आतड्यात पोचत नाही तेव्हा काय काय बिघडतं, याचा शोध पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हळूहळू लागत गेला. पित्तक्षार आतड्यातल्या जिवाणूंच्या एंडोटॉक्सिन या विषाला एरवी आवर घालतात. ते नसले की एंडोटॉक्सिन रक्तात शिरतं, आणि यकृतातल्या ज्या कुप्फर पेशींनी ते टिपायचं त्याही काविळीत सुस्तावलेल्या असतात. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळतात. १९७६ मध्ये इंग्लंडच्या एम. ई. बेली यांनी काविळीच्या रुग्णांत एंडोटॉक्सिन आणि मूत्रपिंडाचा बिघाड यांचा संबंध दाखवला, आणि मग तोंडावाटे पित्तक्षार किंवा लॅक्टुलोज देऊन बघण्याची एक फळी उभी राहिली. बेली यांच्या गटाची अनेक रुग्णालयांतली चाचणी १९९१ मध्ये आली.

दुसरी फळी हृदयाकडे गेली. इस्राएलमधल्या ग्रीन आणि बेटर यांच्या गटाने १९८६ साली ‘काविळीचं हृदय’ अशी कल्पना मांडली. रक्तात साचलेलं पित्त हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी करतं, म्हणून असा रुग्ण थोड्या रक्तस्रावानेही कोलमडतो. रक्तवाहिन्याही आवळण्याचे हुकूम नीट पाळत नाहीत. आणि तिसरी गोष्ट पाण्याची. पित्त अडलेल्या रुग्णांच्या शरीरातलं पाणी मोजलं तेव्हा पेशींबाहेरचं पाणी घटलेलं आढळलं. मीठ बाहेर टाकायला लावणारं हृदयातलं एएनपी हे संप्रेरक वाढलेलं आढळलं. म्हणजे हा माणूस मुळात मीठ-पाणी गमावत चाललेला असतो.

रोजच्या व्यवहारातलं सुकणं त्यात मिळवा. भूक गेलेली, मळमळ. आज सोनोग्राफीसाठी उपाशी, उद्या सीटी स्कॅनसाठी उपाशी, परवा एन्डोस्कोपीसाठी, आणि यंत्र बंद पडलं म्हणून तेरवा पुन्हा. आपल्याकडे त्याआधी पथ्याची एक फेरी झालेली असते. तेल-तूप बंद, हळद बंद, उसाचा रस, कुठे झाडपाला, कुठे कावीळ उतरवून घेणं. विषाणूंची कावीळ बहुधा आपोआप उतरते, त्यामुळे या उपायांना श्रेय मिळून गेलेलं आहे. पित्तनलिकेत गाठ असलेल्या माणसाची कावीळ उतरत नाही, पण त्याचे तीन आठवडे त्यात जातात, आणि तो टेबलावर येतो तेव्हा त्याची जीभ कोरडी असते.

अशा माणसाला मूत्रल औषध द्यायचं का, असा प्रश्न नुसता शब्दांत मांडला तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ‘नाही’ म्हणेल. पण तो असा मांडलाच गेला नव्हता. ‘काविळीच्या रुग्णाची मूत्रपिंडं वाचवायला काय द्यायचं’ असा मांडला गेला, आणि उत्तरात बाटली आली. प्रश्नात ‘द्यायचं’ आलं की उत्तरात औषध येतंच. औषधांच्या इतिहासात हे इतक्यांदा दिसतं की आता त्याचं नवल वाटत नाही.

बार्सिलोनाचा निकाल

१९८८ साली बार्सिलोनाच्या गुबेर्न, सिजेस-सेरा आणि सहकाऱ्यांनी तोवर बहुतेकांनी टाळलेलं काम केलं. पित्त अडलेल्या, शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांना चिठ्ठी टाकून दोन गटांत वाटलं. एका गटाला मॅनिटॉल, दुसऱ्याला नाही. मॅनिटॉलवाल्यांची मूत्रपिंडं वाचली असं काही दिसलं नाही. उलट शस्त्रक्रियेनंतरचं त्यांचं मूत्रपिंडाचं काम जरा खालावलेलंच निघालं. पेशींबाहेरचं पाणी घटल्याचं मोजमाप याच गटाने पुढे १९९२ मध्ये रुग्णांवर प्रसिद्ध केलं. आधीच्या निकालाचा अर्थ लावायला त्याने मदत झाली: ज्याच्याकडे पाणी कमी आहे त्याच्याकडूनच पाणी काढून घेतलं जात होतं.

मग डॉसनला दिसलं ते काय होतं? त्याने खोटं पाहिलं असं मला वाटत नाही. ज्या काळात शस्त्रक्रियेआधी भरपूर सलाईन देण्याची पद्धत नव्हती, त्या काळात मॅनिटॉलची बाटली पहिल्या अर्ध्या तासात पेशींमधलं पाणी ओढून रक्तात आणते. रक्ताचं आकारमान थोडा वेळ वाढतं. नेमक्या त्या वेळात मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तोडला, जसा उंदरांत तोडला होता, तर फायदा दिसू शकतो. उंदराची इजा काही मिनिटांची आणि ठरलेल्या क्षणीची असते. माणसाची कित्येक दिवस आधी सुरू होते आणि शस्त्रक्रियेनंतरही चालू राहते. मॅनिटॉलचा प्रभाव काही तासांत ओसरतो आणि मागे उरतो पाण्या-मिठाचा तोटा. मूत्रपिंडं आधीच थकलेली असतील तर उलटंच: मॅनिटॉल बाहेर पडत नाही, रक्तात साचतं, पाणी ओढत राहतं, सोडियम पातळ होतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. कमजोर हृदयाच्या काविळीच्या रुग्णाला ते झेपत नाही.

याच जातीचा निकाल अगदी वेगळ्या ठिकाणीही मिळाला. १९९४ मध्ये सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंडं आधीच कमजोर असलेल्या ७८ रुग्णांवर, हृदयाच्या अँजिओग्राफीच्या वेळी, तीन पद्धती ताडून पाहिल्या; तिथे टोचलेल्या कॉन्ट्रास्टने, म्हणजे एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून दिलेल्या द्रावणाने, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. नुसतं अर्ध्या तीव्रतेचं सलाईन दिलेल्यांपैकी ११ टक्क्यांचं क्रिएटिनिन वाढलं. सलाईनसोबत मॅनिटॉल दिलेल्यांत २८ टक्के, लॅसिक्स दिलेल्यांत ४० टक्के. इथे पित्ताचा संबंध नाही, पण युक्ती तीच आणि तिचा शेवटही तोच. त्याच वर्षी बेलफास्टच्या पार्क्स आणि सहकाऱ्यांनी काविळीच्या रुग्णांत डोपामिन या दुसऱ्या औषधाची बाजू तपासली. पाणी पुरेसं दिलं असेल तर डोपामिनने वर काही मिळत नाही, असं आढळलं. डोपामिननेही लघवी वाढते. तीही बाटली तेवढ्याच विश्वासाने लावली जात होती.

इथे एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. सिरॉसिसमध्ये पोटात पाणी झालेल्या रुग्णाला स्पायरोनोलॅक्टोन देतात, गरजेनुसार सोबत लॅसिक्स. ते बरोबर आहे. त्या रुग्णाच्या अंगात मीठ-पाणी जास्त झालेलं असतं. हे वाचून कुणी आपल्या वडिलांची लघवीची गोळी बंद करू नये.

मग ऑर्डर शीटवर काय

आपल्या नमुन्याच्या रुग्णासाठी मी मॅनिटॉलची ओळ खोडून तिथे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून सलाईन लिहीन. किती, ते नाडी, रक्तदाब, जीभ आणि तासागणिक लघवी बघून, आणि आता ती लघवी खरं बोलत असेल. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक टाळायची, कारण काविळीत मूत्रपिंडावर त्यांचा मार जास्त बसतो. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन टाळायचं, हे लिहून ठेवलं नाही तर रात्रपाळीत कुणीतरी दुखतंय म्हणून देतंच. सीटी स्कॅनच्या कॉन्ट्रास्टनंतर लगेच टेबलावर घ्यायचं नाही. व्हिटॅमिन के द्यायचं, कारण पित्ताशिवाय ते शोषलंच जात नाही आणि रक्तस्राव हाही मूत्रपिंडाचा शत्रू. शक्य तिथे उपाशी ठेवायचे तास कापायचे.

आधी स्टेंट, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी, टाकून पित्त मोकळं करायचं आणि मग शस्त्रक्रिया करायची, हा मोहही जुना आहे. कागदावर तो बिनतोड दिसतो: कारण काढलं की परिणाम जाईल. १९८२ ते १९८५ दरम्यानच्या हॅटफिल्ड, मॅकफर्सन आणि पिट यांच्या तीन चाचण्यांत, कातडीतून नळी घालून पित्त काढल्यावर मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. २०१० साली नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगाच्या २०२ रुग्णांवरच्या चाचणीत, थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली, आधी स्टेंट टाकलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना. मात्र तिथे घेतलेल्या रुग्णांचं बिलिरुबिन साधारण २.३ ते १४.६ च्या दरम्यान होतं. आपला रुग्ण १८ वर आहे, म्हणून तो निकाल त्याच्यावर जसाच्या तसा लावता येणार नाही. थंडी वाजून ताप येत असेल, किंवा शस्त्रक्रिया काही आठवडे लांबणार असेल, तर त्याला आधी स्टेंट लागेल. नसेल तर हा निर्णय सर्जन, भूलतज्ज्ञ आणि एन्डोस्कोपी करणारे यांनी एकत्र बसून घ्यायचा आहे.

मॅनिटॉलच्या बाजूने एक मुद्दा उरतो, आणि तो मी टाळणार नाही. बार्सिलोनाची चाचणी लहान होती. लहान चाचणीत फायदा दिसला नाही म्हणजे फायदा नाहीच, असं सिद्ध होत नाही. मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येतं का, हे नेहमीच्या सांख्यिकी खात्रीने दाखवायचं तर प्रत्येक गटात सव्वाचारशेच्या वर रुग्ण लागतात. एकाच आजाराचे, जवळपास सारख्या काविळीचे, सारखीच शस्त्रक्रिया होणारे इतके रुग्ण जमवायला बरीच मोठी केंद्रं अनेक वर्षं एकत्र राबावी लागतील. मॅनिटॉल स्वस्त आहे, जुनं आहे, त्याच्या मागे पैसा लावणारी कंपनी मिळणं कठीण. सलाईन, चांगली भूल आणि योग्य अँटिबायोटिक यांमुळे मूळ धोकाही कमी होत गेला, म्हणजे तेवढा फरक दाखवायला आणखी जास्त रुग्ण लागणार. तोवर तराजूत एका बाजूला उंदरांवरचं काम आणि साठच्या दशकातले आकडे, दुसऱ्या बाजूला एक छोटी पण चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी, अँजिओग्राफीतला निकाल आणि पाणी घटल्याची थेट मोजमापं. माझ्या लेखी दुसरं पारडं जड आहे. ज्यांना बाटली लावायची आहे त्यांनी निदान सलाईन आधी पुरेसं द्यावं, आणि पुढचे सहा-आठ तास लघवीच्या आकड्यावर विसंबू नये.